पीसीएनएलनंतरचं दुखणं आणि पाठीतला ब्लॉक : काय थांबतं, काय थांबत नाही

११ फेब्रुवारीला एनसीसीटी केयूबीचा, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला. डाव्या किडनीत २६ मिलिमीटरचा खडा, घनता साधारण १,२०० हाउन्सफील्ड. म्हणजे मोठा आणि टणकही. पानफुटीची पानं चावून किंवा भरपूर पाणी पिऊन हा पडणारा नव्हता, आणि बाहेरून लहरी मारून फोडायच्याही पलीकडे गेला होता. दोन सेंटिमीटरच्या वरचा खडा असला की युरोलॉजिस्ट सहसा पहिलं नाव पीसीएनएलचंच घेतात. तपासणीचे ४,५०० रुपये गेले.

पीसीएनएल म्हणजे पाठीतून, बरगडीच्या खालून किंवा दोन बरगड्यांमधून सुई थेट किडनीत घालायची, त्यातून तार सरकवायची, तारेवरून वाट रुंद करत न्यायची आणि शेवटी एक नळी बसवून त्यातून दुर्बिणीने खडा फोडून काढायचा. नळीची जाडी 'फ्रेंच'मध्ये मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. माझ्यासाठी २४ फ्रेंच ठरली होती, म्हणजे आठ मिलिमीटर. 'मिनी'मध्ये १४ ते २० फ्रेंच वापरतात. खडा मोठा असेल तर बारीक नळीतून वेळ फार लागतो, म्हणून प्रत्येकाला मिनी मिळत नाही.

भीती शस्त्रक्रियेपेक्षा नंतरच्या दुखण्याची जास्त होती. याविषयी चौकशी करताना एक गोष्ट लवकरच लक्षात आली. 'दुखतं का हो?' या प्रश्नाला काहीच अर्थ नसतो, कारण इथे दुखणी एकापेक्षा जास्त आहेत आणि ती वेगवेगळ्या नसांवरून वर जातात. कातडी, स्नायू आणि बरगडीलगतची जखम छातीच्या खालच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसांवर दुखते, म्हणजे दहाव्यापासून बाराव्यापर्यंत आणि कमरेचा पहिला मणका. किडनीचं आवरण ताणलं गेल्याची खोल कळही साधारण त्याच पातळीवर मज्जारज्जूत पोचते. मात्र डीजे स्टेंटचं (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेल्या बारीक नळीचं) खालचं टोक मूत्राशयात टोचतं, कॅथेटरचा, म्हणजे लघवीच्या वाटेतून घातलेल्या नळीचा फुगा तिथेच बसलेला असतो, आणि त्यांची जळजळ माकडहाडाच्या बाजूच्या नसांवरून जाते. पाठीत दिलेला ब्लॉक, म्हणजे नसा काही तास बधिर करणारं इंजेक्शन, पहिल्या दोन दुखण्यांवर काम करतो. तिसऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. हे आधी माहीत नसलं तर वॉर्डात माणूस 'ब्लॉक फेल गेला' म्हणून वैतागतो, आणि ज्या गोळीने आराम पडला असता ती मागायची राहून जाते.

तारीख मात्र लगेच मिळाली नाही. लघवीचं कल्चर करावं लागतं आणि रिपोर्टला दोन ते तीन दिवस जातात. माझ्यात ई. कोलाय निघाले. अँटिबायोटिकचा कोर्स, मग पुन्हा कल्चर. हे थांबणं कंटाळवाणं असलं तरी त्यावर घासाघीस करू नये. खडा फोडताना किडनीत सतत पाणी सोडलेलं असतं आणि त्यात जंतू असले तर ते थेट रक्तात जाऊ शकतात. या शस्त्रक्रियेतला सगळ्यात गंभीर धोका तोच.

२४ फेब्रुवारीला भुलीची तपासणी झाली. सगळे तिला 'पीएसी'च म्हणतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर, क्रिएटिनिन, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, सगळं मिळून ३,२०० रुपये. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, १.५ आलं. हा आकडा पुढे कामाला येतो, कारण तो वाढलेला असला की डायक्लोफेनॅकसारखी नेहमीची वेदनाशामकं बाद होतात. ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. मग उरतं पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉलसारखी औषधं, ज्यांनी मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठता होते. अशा माणसाला ब्लॉकचा फायदा जास्त.

पीएसीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन जावीत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल तर ते कधी थांबवायचं हे युरोलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. आपल्या मनाने बंद करायचं नाही आणि लपवायचंही नाही. दाताच्या डॉक्टरांकडच्या इंजेक्शनने कधी चक्कर किंवा पुरळ आलं असेल तर तेही सांगायचं. तिथे वापरलेलं औषध ब्लॉकच्या औषधाच्याच जातीचं असतं. वजन नीट करून घ्यावं, कारण औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते.

पर्यायांवर बोलणं झालं ते असं. शस्त्रक्रियेसाठीची भूल वेगळी आणि नंतरच्या दुखण्यासाठीचा ब्लॉक वेगळा. पीसीएनएल पाठीच्या मणक्यातल्या भुलीवरही करतात, पण तिचा असर दोन-तीन तासांत ओसरतो आणि जागेपणी पालथं पडून राहणं बऱ्याच जणांना झेपत नाही. माझ्यासाठी पूर्ण भूल ठरली. नंतरच्या दुखण्यासाठी एपिड्युरल चांगला, पण त्यात बारीक नळी पाठीत राहते, रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होऊ शकतात आणि रात्रभर वॉर्डात कुणाचं तरी लक्ष लागतं. मणक्याच्या अगदी बाजूला देतात त्या पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकचा परिणाम नेमका असतो, पण सुई फुप्फुसाच्या आवरणाजवळ जाते. क्वाड्रेटस लंबोरम हा कमरेच्या बाजूने देतात. त्यात मांडीचा जोर थोडा वेळ कमी होऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा उभं राहताना कुणीतरी धरायला हवं. माझ्या हॉस्पिटलात सध्या जास्त करून इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक देतात, म्हणजे कण्यालगतच्या लांब स्नायूखाली औषध सोडतात. ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) लोक त्याला नुसतं 'ईएसपी' म्हणतात. २०१६ मध्ये तो पहिल्यांदा छातीच्या नसांच्या चिवट वेदनेसाठी लिहिला गेला, आणि नंतर बाकीच्या शस्त्रक्रियांत आला.

यांतलं काहीच होण्यासारखं नसेल तर शस्त्रक्रिया संपताना सर्जन त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, किडनीच्या आवरणापासून कातडीपर्यंत, सुई मागे घेत-घेत औषध सोडतात. लहान गावातल्या हॉस्पिटलात हेच जास्त होतं. त्यामागे एक कायद्याचंही कारण आहे, कारण पाठीतले ब्लॉक सोनोग्राफीवर बघून देतात. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवलेलं असतं आणि नोंदवलेल्या जागेतच वापरावं लागतं. त्यामुळे चार हॉस्पिटलांत फिरणारे भूलतज्ज्ञ आपलं पोर्टेबल मशीन गाडीत टाकून नेऊ शकत नाहीत. म्हणून विचारायचं ते थेट विचारा : 'ओटीत सोनोग्राफी मशीन आहे का, आणि माझा ब्लॉक त्यावर बघून देणार का?' उत्तर 'नाही' असेल तर सर्जनच्या हातचं इंजेक्शनही वाईट नाही. पाठीतल्या ब्लॉकचा आग्रह धरू नये.

संमतीपत्रं दोन असतात, शस्त्रक्रियेचं आणि भुलीचं. मराठी प्रत मागितली की मिळते. भुलीच्या कागदावर ब्लॉक वेगळा लिहिलेला आहे का ते पाहून घ्यावं, आणि कुठल्या बाजूला तेही. खडा डावीकडे, तर ब्लॉकही डावीकडेच.

खर्चाचा अंदाज ८५,००० रुपयांचा होता. त्यात ब्लॉकचे ४,००० धरलेले नव्हते, ते विचारल्यावर कळले. विमा असेल तर भरती व्हायच्या आधी पॉलिसीतल्या दोन ओळी शोधा. बऱ्याच पॉलिसींत मुतखड्याला पहिली दोन वर्षं थांबावं लागतं, आणि काहींत खड्याच्या शस्त्रक्रियेला रकमेची वेगळी मर्यादा असते. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली तर बिलातल्या इतर रकमाही त्या प्रमाणात कापल्या जाऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करणाऱ्यांनी रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जायचं. तिथे पॅकेज एकरकमी असतं, भूल त्यातच येते.

५ मार्चला भरती. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. मला साडेतीन तास लागले. काउंटरवरच्या मुलाला अर्ज किती वाजता अपलोड झाला ते विचारून लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर उशीर कुणाचा हे कळतच नाही. रात्री बारानंतर अन्न बंद, साधं पाणी सकाळी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत.

६ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास ओटीत नेलं. काही ठिकाणी हा ब्लॉक पूर्ण भूल दिल्यावर, रुग्ण पालथा केल्यावर देतात. इथे जागेपणी, बसवून दिला. त्याचा एक फायदा आहे : औषध चुकून रक्तवाहिनीत जाऊ लागलं तर ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घूं असा आवाज ही लक्षणं माणूस स्वतःच सांगू शकतो. भूलतज्ज्ञ मॅडमनी सुरुवातीलाच ही तिन्ही सांगून ठेवली. यावरचा उतारा म्हणजे शिरेतून द्यायचं २० टक्क्यांचं लिपिड (चरबीचं द्रावण), किलोमागे दीड मिलिलिटर, आणि ते ओटीत हाताशी ठेवलेलं असतं.

टेबलाच्या कडेला पाय सोडून, उशी पोटाशी धरून, पाठ बाहेर काढून बसायचं. सलाइन, रक्तदाबाचा पट्टा, ईसीजी आणि बोटाचा चिमटा आधीच लावलेला. पाठ औषधाने पुसली की चांगलीच थंडी वाजते. मग सोनोग्राफीचा प्रोब बाराव्या बरगडीपासून वर मोजत नवव्या मणक्यावर आणला आणि मधल्या रेषेपासून साधारण तीन सेंटिमीटर बाजूला उभा ठेवला. पडद्यावर मणक्यातून बाजूला निघणारी हाडं ठळक पांढऱ्या रेघांसारखी दिसतात, प्रत्येकीखाली काळी सावली. त्यांच्यावर आडवे पट्टे, ते स्नायू. सुईचं टोक त्या हाडापर्यंत न्यायचं आणि सगळ्यात खालच्या स्नायूच्या व हाडाच्या मध्ये औषध सोडायचं. हाडच आडवं येत असल्यामुळे सुई सहसा खोल घुसत नाही. हा ब्लॉक त्या मानाने सुरक्षित मानतात तो त्यामुळेच.

पहिली बारीक सुई कातडी बधिर करायची, तीच काय ती चावते. नंतरची लांब सुई आत जाताना दुखत नाही, दाब जाणवतो. आधी दोन-तीन मिलिलिटर सलाइन सोडून स्नायू हाडावरून उचलला जातो का ते बघितलं. उचलला नाही, स्नायूच्या आतच फुगवटा दिसला, तर सुई चुकीच्या थरात आहे, पुन्हा सरकवावी लागते. ब्लॉक अर्धवट लागण्याचं हे एक नेहमीचं कारण. मग औषध : ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन २० मिलिलिटर, त्यात डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम. ५-५ मिलिलिटर, प्रत्येक वेळी आधी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहून. बाटली सहसा ०.५ टक्क्यांची असते, ती निम्मी सलाइनने पातळ करतात. मणक्यात द्यायचं 'हेवी' ब्युपिव्हाकेन वेगळं, ते इथे चालत नाही. २० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध गेलं. माझं वजन ६८ किलो, किलोमागे दोन मिलिग्रॅम धरले तरी मर्यादा १३६. सर्जन शेवटी जखमेत आणखी औषध घालणार असतील तर दोन्हीची बेरीज याच मर्यादेत बसवावी लागते, म्हणून दोघांना एकमेकांचं माहीत असायला हवं. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोनने साखर एखादा दिवस वर जाते.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर स्पिरिटचा बोळा फिरवून गार लागतं का विचारतात. ईएसपीत ही बधिरता ठिपक्याठिपक्यांत येते, एखादा पट्टा राहूनही जातो. औषध स्नायूखालून वर-खाली पसरतं आणि त्यातलं थोडंच पुढे नसांपर्यंत पोचतं, ते प्रत्येकात सारखं पसरत नाही. मला बरगडीखाली गार लागलं नाही, कंबरेजवळ लागलं. 'चालेल,' मॅडम म्हणाल्या, 'बोळ्याला सगळंच कळत नाही.' मग पूर्ण भूल.

शुद्धीवर आलो तेव्हा दुपार झाली होती. सिस्टरनी विचारलं, "काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" इथे थांबून दोन आकडे सांगावेत : पाठीचा एक आणि लघवीचा एक. पाठ दोनवर होती. लघवीच्या जागेची आग मात्र सहाच्या खाली येईना. कॅथेटर असूनही सतत लघवी लागल्यासारखं होतं, जोर करावासा वाटतो, आणि जोर केला की आणखी जळतं. हे स्टेंट आणि कॅथेटरचं. त्यावर आणखी वेदनाशामक घेऊन फारसं काही होत नाही. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम आणि सोलिफेनॅसिन ५ मिलिग्रॅम लिहून दिल्यावर संध्याकाळपर्यंत ते सुसह्य झालं. या गोळ्या पहिल्या दिवसापासून चालू करता येतील का, हे पीएसीलाच विचारून ठेवलेलं चांगलं. पालथं झोपवल्यामुळे मान आणि खांदाही आखडतो. तो ब्लॉकच्या पट्ट्याबाहेर असतो, शेकाने उतरतो.

ब्लॉक दिल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. साधारण ८ ते १२ तास चालतो, डेक्सामेथासोनमुळे थोडा पुढे जातो. म्हणजे सकाळी दहाला दिलेला ब्लॉक रात्रीच ओसरणार, नेमका वॉर्डात माणसं कमी असताना. आणि तो उतरतो तेव्हा दुखणं हळूहळू न चढता एकदम अंगावर येतं. यावर एकच उपाय कामी येतो : दुखायला लागण्याआधी औषध आत असलं पाहिजे. म्हणून केसपेपरवर पॅरासिटामॉल एसओएस (म्हणजे गरज पडली तरच) नाही, ठरलेल्या वेळांना लिहिलेलं असावं. एसओएस म्हणजे बेल वाजवा, सिस्टर येतील, औषध स्टोअरमधून येईल, सलाइनला लागेल, आणि मग अर्ध्या तासाने आराम. माझ्या कागदावर आधी एसओएस होतं. संध्याकाळच्या राउंडला सांगितल्यावर एक ग्रॅम दर सहा तासांनी झालं, आठ आणि दोन अशा वेळा. साडेअकराच्या सुमारास पाठ जागी झाली, आकडा पाचपर्यंत गेला. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम सलाइनमधून हळू दिलं, मळमळीच्या इंजेक्शनसह. त्या रात्री ते एकदाच लागलं.

ब्लॉक कितीही चांगला लागला तरी काही दुखणी त्याच्या खात्यात टाकून स्वस्थ बसायचं नाही. शस्त्रक्रियेनंतर लघवी बाहेर यायला पाठीत ठेवलेल्या नळीची पिशवी भरायची थांबली आणि कळ वाढत चालली, तर आधी नळी अंगाखाली दुमडली आहे का पाहा. नसेल तर आत रक्ताची गाठ अडकलेली असू शकते, लगेच कळवा. श्वास घेताना टोचणं आणि धाप, विशेषतः वाट बरगड्यांच्या मधून केली असेल तर, छातीत पाणी किंवा हवा साठल्याचं लक्षण असू शकतं. थंडी वाजून ताप आला तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही.

७ तारखेला एक्स-रे झाला, खडा पूर्ण निघालेला दिसला. ८ ला सकाळी नळीला काही तास चिमटा लावला. कळ आली नाही, ताप नाही, म्हणून नळी काढली. त्याच्या पाऊण तास आधी गोळी मागून घ्यावी. क्षणभर खोल ओढल्यासारखं होतं, बस. त्यानंतर जखमेतून दिवसभर लघवी झिरपते, ड्रेसिंग ओलंचिंब होतं. हे अपेक्षित आहे, पण जादा पॅड आणि जुनी चादर जवळ असावी. दुसऱ्या दिवशीही तेवढीच गळत राहिली तर फोन करायचा.

डिस्चार्जला विमा कंपनीला परिपत्रकाप्रमाणे तीन तास मिळतात. इथे कंपनीने ब्लॉकवरच बोट ठेवलं : ही वेगळी प्रक्रिया की भुलीचाच भाग? भूलतज्ज्ञांच्या नोंदीची प्रत पाठवल्यावर, ज्यात ब्लॉकचं नाव, वेळ, औषध आणि मात्रा होती, ते ४,००० मंजूर झाले. एकूण बिल १,०८,४०० रुपये, मंजूर ९२,०००, खिशातून १६,४००. कापलं गेलं ते बहुतेक हातमोजे, ड्रेप, किट अशा सामानावर. भुलीच्या नोंदीची प्रत डिस्चार्ज फाइलमध्ये आपोआप येत नाही, मागावी लागते. दुसऱ्या बाजूला कधी शस्त्रक्रिया झाली तर पुढच्या भूलतज्ज्ञांनाही ती लागेल.

घरी आल्यावर पाठ आठवडाभरात सुटली. स्टेंटची कटकट मात्र तो असेपर्यंत राहिली : लघवी करताना बरगडीखाली कळ जायची, कारण स्टेंटमधून लघवी उलटी वर चढते. जोर न लावता, सावकाश, शक्यतो बसून लघवी केली की ती कमी होते.

२८ मार्चला स्टेंट काढला. पुरुषांत दोन टक्क्यांची लिग्नोकेन जेली लघवीच्या वाटेत घालून काही मिनिटं थांबतात. ही थांबायची मिनिटं घाईत खाल्ली जातात, तेव्हा 'थोडं थांबूया का?' म्हणायला संकोच करू नये. काढणं मिनिटभरात होतं. मूत्रवाहिनीला सूज असल्याने त्या रात्री कळ येऊ शकते, मला सौम्य आली. याचे ६,००० रुपये पॅकेजबाहेर होते. बऱ्याच पॉलिसींत भरतीआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात, त्यामुळे सीटी, कल्चर, पीएसी आणि स्टेंटची बिलं मूळ पावत्यांसह, त्याच क्लेम क्रमांकावर, एकत्र पाठवता येतात.